कर्करोग घराण्यात असतो का?



व्याख्यान संपले की मंडपाबाहेर आम्हा डॉक्टरांना एक प्रश्न हळू आवाजात हमखास विचारला जातो : "हा रोग आमच्या घराण्यात आहे का हो?" घरात लग्नाचे चालू असेल तर आणखी हळू. म्हणून आज आम्ही उत्तर माइकवरूनच देतो.

कर्करोग म्हणजे पेशीतल्या जनुकांचा बिघाड. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तीत चुका राहतात. तंबाखू त्यात भर घालते. काही जनुके वाढीला लगाम घालतात. अशा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते.

हे उलगडले लहान मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगावरून, म्हणजे रेटिनोब्लास्टोमावरून. अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली ४८ रुग्णांच्या नोंदी मांडल्या. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेली मुले फार लवकर आजारी पडत, एका डोळ्याची बहुधा उशिरा. नुडसन यांनी ताडले, की पहिल्यांना एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, त्यामुळे एकच घाव पुरतो. दुसऱ्यांच्या एकाच पेशीवर दोन घाव पडावे लागतात. जनुक कोणी पाहिलेही नव्हते, नुसत्या वयांचा हिशेब! ते हाती आले १९८६ मध्ये, तेराव्या गुणसूत्रावर.

तेव्हा घराण्यातून येते ती बिघडलेली प्रत, रोग नव्हे. आणि बहुतेक कर्करोगांत तीही येत नाही. आली तर आईकडून किंवा वडिलांकडून, मुलाला किंवा मुलीला, शक्यता निम्मी. सुनेच्या माहेराला बोल लावणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे. दोन्ही डोळ्यांचा रोग असलेल्या पुष्कळ मुलांत तर दोष नव्यानेच उपजलेला असतो, आईवडिलांत नसतोच.

फ्लॅशने काढलेल्या फोटोत बाळाची एक बाहुली पांढरी चमकली, किंवा डोळा तिरळा दिसू लागला, तर दृष्ट काढत बसू नका, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा. वेळेवर सापडल्यास जीव तर वाचतोच, पुष्कळदा डोळाही वाचतो. ज्या घरात हा रोग होऊन गेला, तिथे बाळाचे डोळे जन्मापासून पुन्हा पुन्हा तपासतात. त्यासाठी बाळाच्या आजोळी कोणाला लहानपणी कृत्रिम डोळा का बसवला होता, हे डॉक्टरांना कोणीतरी सांगावे लागते.