सैल गुंडाळा

झेब्राफिशचा जिवंत गर्भ रात्रभर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याची वाढ टिपणारे विद्यार्थी आता पुण्यामुंबईतही आहेत. त्यांना आज मला एकच गोष्ट सांगायची आहे: गर्भ सैल बसवा.

हाच मासा का, कवच चिमट्यानं कसं सोलायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. अडतं ते पुढे. गर्भ हलू नये म्हणून आपण तो अ‍ॅगरोजच्या जेलीत बसवतो, तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा. पण घरचं बाळ एका रात्रीत दुपट्यात मावेनासं होत नाही, हे होतं! दहा तासांचा गर्भ म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटरचा गोळा. चोविसाव्या तासाला तोच १.९ मिलिमीटर लांब. संध्याकाळी नेटकं बसलेलं दुपटं पहाटे आवळायला लागतं. घट्ट अ‍ॅगरोजमध्ये शेपटी वाकते आणि वहीत नोंद होते, ‘जनुकाचा परिणाम’. अहो, जनुकाचा कसला? तुमच्या दुपट्याचा!

जर्मनीत ड्रेस्डेनला संशोधक यान हाउस्केन यांच्या गटानं २०१२ साली यावर उत्तर दिलं. एफईपी प्लास्टिकची बारीक नळी, आतून मिथिलसेल्युलोजचा लेप आणि गर्भाभोवती फक्त ०.१ टक्का अ‍ॅगरोज. नळीतून प्रकाश जवळजवळ पाण्यातल्यासारखाच वळतो, म्हणून चित्र बिघडत नाही. आधार नळीचा, आणि शेपटीला वाढायला जागा. पुन्हा सांगते, जागा!

बाळाच्या आंघोळीचं पाणी आई आधी कोपर बुडवून पाहते. तेवढी काळजी अ‍ॅगरोज ओतताना घ्या. कमी तापमानाला वितळणारंच घ्या आणि कोमट झाल्याशिवाय गर्भ त्यात सोडू नका. पुढे रात्रभर साडेअठ्ठावीस अंश सांभाळा.

भुलीचं तेच. सतराव्या-अठराव्या तासाला गर्भ झटके देऊ लागतो, म्हणून ट्रायकेन लागतं. पण घटकाभराच्या कामाची मात्रा रात्रभर ठेवू नका, हृदय मंदावतं. आणि शेवटी एवढं मात्र करा: त्याच पैदाशीतली काही भावंडं न गुंडाळता, त्याच तापमानाला, साध्या बशीत वाढू द्या. सकाळी नळीतल्या गर्भाची शेपटी आधी त्यांच्या शेपटीशी ताडून पाहा, मगच वही उघडा.