काळी माती, पालाश आणि विद्युत्‌घट



वैशाखात परभणीच्या काळ्या रानातून जो चालला आहे, त्याला भेग म्हणजे काय ते मी सांगावयास नको. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात आकसते, आणि आकसताना पिकाची मुळे तोडते. आज ज्या पदार्थाविषयी मी बोलणार आहे, तोही असाच फुगतो व आकसतो, आणि त्याच्यातही काहीतरी तुटते. तो पदार्थ म्हणजे पोटॅशियमच्या बॅटरीतील ग्राफाइट.

पोटॅशियम हे नाव आपणांस परके वाटेल. पण खताच्या पोत्यावरील नत्र, स्फुरद आणि पालाश यांतला पालाश तो हाच. आज आपल्या खिशातल्या मोबाईलची बॅटरी चालते ती लिथियमवर. पृथ्वीच्या कवचात लिथियम लाख भागांत सुमारे दोन भाग आहे, तर पोटॅशियम शंभर भागांत सुमारे दोन. म्हणजे हजार पटींचा फरक. शिवाय लिथियमच्या बॅटरीत ग्राफाइटखाली तांब्याचा पत्रा लागतो, तेथे पोटॅशियमला स्वस्त ॲल्युमिनियम चालते. मग शास्त्रज्ञांचे लक्ष इकडे वळले, यात नवल ते काय?

ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतले तेच काळे द्रव्य. त्याची रचना भाकरीच्या चवडीसारखी, थरावर थर अशी असते. बॅटरी भारित होताना विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, या थरांमध्ये शिरतात. आपण वीज वापरू लागलो की बाहेर पडतात. पोटॅशियमचे आयन नेहमीच्या तपमानाला असे आत-बाहेर करू शकतात, हे २०१५ साली अमेरिकेत ओरेगन राज्य विद्यापीठात आणि जपानमध्ये कोमाबा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पण पाहुणा थोराड आहे. लिथियम शिरले तर ग्राफाइट शेकडा सुमारे दहा फुगते. पोटॅशियम शिरले तर शेकडा साठ! आणि हे वर्षातून एकदा नव्हे, तर प्रत्येक भारणीला घडते.

आता प्रश्न असा की, हे सारे धरून कोण ठेवते? ग्राफाइटची भुकटी, थोडी काजळी आणि एक चिकट द्रव्य कालवून त्याचा लेप धातूच्या पातळ पत्र्यावर देतात. माती लिंपताना तिच्यात भुसा कालवतात, तो जे काम करतो तेच या चिकट द्रव्याचे. त्याला आपण बंधक म्हणू. नेहमीचा बंधक फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकचा असतो. तो विरघळवावयास जे द्रावण लागते ते आरोग्यास घातक, आणि एवढ्या फुगवट्यापुढे त्याची पकडही सैल पडते. त्याऐवजी सेल्युलोजपासून केलेला, पाण्यात विरघळणारा डिंक वापरून पाहिला, तर तो अधिक टिकाऊ ठरला. हे सेल्युलोज आपल्या कापसात असते. सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासूनही हा डिंक करतात. कापसाच्या जिल्ह्यात हे सांगताना मला आनंद होतो.

परंतु या सर्व डिंकांतून वीज वाहत नाही. ती वाहते काजळीच्या कणांवरून. फुगण्या-आकसण्यात कणांची ही साखळी तुटली की ग्राफाइटचा तो कण एकटा पडतो. पुरात पूल वाहून गेलेल्या गावासारखी त्याची गत होते. धान्य कोठारात आहे, पण बाजारात येत नाही. बॅटरी 'उतरते' याचे हे एक मोठे कारण आहे.

मग बंधकच वीज वाहणारा का असू नये? प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थातून वीज उत्तम वाहू शकते, हे १९७७ साली शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांनी दाखविले. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. असा पदार्थ धरूनही ठेवील आणि पूलही होईल.

येथे एक अडचण आहे, ती मी लपवीत नाही. यांपैकी पुष्कळ पदार्थ इलेक्ट्रॉन काढून घेतले तरच वाहक होतात; आणि ग्राफाइटच्या ऋण बाजूस तर इलेक्ट्रॉन ओतले जातात. तेथे त्यांची वाहकता मावळते. म्हणून इलेक्ट्रॉन घेऊन वाहक होणारा पदार्थ हवा. २०११ साली बर्कली येथे गाओ लियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियमच्या बॅटरीतील सिलिकॉनसाठी असा बंधक घडविला. पोटॅशियमसाठी तसाच स्वस्त आणि टिकाऊ बंधक घडविणे, हे काम अजून प्रयोगशाळेतच चालू आहे.

याचे आपणांस काय? दिवसा सूर्य पुष्कळ वीज देतो, पण घरात दिवा लावावयाचा तो रात्री. ही वीज स्वस्तात साठविता आली, तर तिचा लाभ मोठ्या शहराआधी आपल्या वस्तीला व्हावा. मात्र भुलून जाऊ नका. कवचात पालाश विपुल असला, तरी आपला देश खताचा जवळजवळ सारा पालाश बाहेरूनच आणतो. आणि पोटॅशियम हा धातू पाण्याशी गाठ पडताच पेट घेतो.

तेव्हा यापुढे कोणी नव्या बॅटरीची वार्ता सांगितली, तर तीत किती वीज मावते एवढेच विचारू नका. ती किती वेळा भरून रिकामी केली, आणि तोवर तिच्यातले कण धरून कोणी ठेवले, हेही विचारा.