गल्लीतले रोगी आणि योगायोगाचे गणित

श्रोतेहो, पांझरेपलीकडच्या आपल्या देवपुरातली एखादी गल्ली डोळ्यांपुढे आणा. वस्ती समजा ४०० माणसांची. १० वर्षांत तिथे ८ जणांना कर्करोग झाला. ओट्यावरची मंडळी बोटे मोजतात नि म्हणतात, "पाण्यातच काहीतरी आहे!" दुसरा मोबाइलच्या टॉवरकडे बघतो. ही भीती काही खोटी नव्हे. कुणाच्या घरातले माणूस गेलेले असते. पण ८ हा आकडा खरोखर जास्त आहे का?

आपल्या देशात दर लाख वस्तीत वर्षाला साधारण १०० नवे कर्करोगी आढळतात. त्या हिशेबाने या गल्लीत १० वर्षांत ४ व्हावेत. म्हणजे दुप्पट झाले की! जरा थांबा. पाऊस काही प्रत्येक फरशीला सारखेच थेंब देत नाही. सरासरी ४ असताना निव्वळ योगायोगाने ८ किंवा अधिक निघण्याचा संभव शंभरात ५ असतो. अशा १०० गल्ल्या घेतल्या, तर पाचेक गल्ल्यांत काही कारण नसताना इतके रोगी निघतील, आणि ओरड नेमकी तिथूनच होईल. आधी भिंतीवर गोळी झाडायची आणि मग भोकाभोवती खडूने वर्तुळ काढून नेमाची वाहवा करायची, तशातला हा प्रकार. शिवाय तोंडाचा, स्तनाचा, रक्ताचा हे सगळे कर्करोगच, पण त्यांची कारणे निराळी. आणि म्हाताऱ्यांची वस्ती असेल तर आकडा चढाच असायचा.

म्हणून 'योगायोग' असा शेरा मारून कागद बंद करावा, हे मात्र मला मान्य नाही. जानेवारी २०२५ मधले पुणे आठवा. हातपाय लुळे पाडणारा गुलेन बॅरे हा रोग एरवी लाखात वर्षाला एखाद-दोघांना होतो. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत थोड्याच आठवड्यांत त्याचे रोगी डझनांनी निघाले. रोग एक, भाग एक, काळ एक! इथे योगायोगाचे गणित टिकेना. कित्येक रोग्यांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडले, आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला.

तेव्हा आपल्या गल्लीने एक वही घालावी. रोग नेमका कोणता, वय किती, निदान कोणत्या साली, आणि त्याआधी इथे राहणे किती वर्षांचे. कर्करोग वाढायला वर्षे लागतात; गेल्या साली आलेल्या भाडेकरूचा रोग या पाण्याच्या माथी मारता येत नाही. गाव सोडून गेलेल्यांचीही नोंद हवी. ती वही महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांना द्यावी, आणि त्यांनी तीच हद्द कायम धरून पुढचे नवे रोगी निराळे मोजावेत.