पिलांची हगवण



निघोज्यात मी आज डुकरांच्या पिलांविषयी बोलणार आहे. डुकरीण एका वेताला आठ-दहा पिल्ले देते. पण विकायच्या वेळी किती उरतात? पुष्कळदा हगवण त्यांतली काही घेऊन जाते. आपण म्हणतो, दृष्ट लागली. दृष्ट नव्हे, हा रोग आहे.

हगवणीची कारणे अनेक. त्यांतले एक म्हणजे रोटा नावाचा विषाणू. तो इतका बारीक, की डोळ्यांना दिसत नाही. आजारी पिलाच्या विष्ठेत तो असतो. तिथून पायांना, घमेल्याला, पाण्याला लागतो. घाणीत तो महिनोन् महिने टिकतो. मोठे डुक्कर धडधाकट दिसते, पण तेही रोग पसरवते. रोटा आपल्या लेकरांनाही होतो. म्हणून २०१९ पासून महाराष्ट्रात बाळांना त्याची लस देतात.

पिलू मरते ते अंगातले पाणी संपून. मग काय करावे?

जन्मल्याबरोबर पिलाला आईचा चीक मिळू द्या. चिकात रोगाशी झुंजायचे बळ असते. हगवण लागली, तरी दूध तोडू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. ते थोडे थोडे, पुन्हा पुन्हा पाजा. आजारी वेत वेगळे ठेवा. त्यांचे काम शेवटी करा, मग साबणाने हातपाय धुवा. ओला पेंढा काढा, जागा कोरडी ठेवा.

विषाणूला मारील असे औषध नाही. पण सगळी हगवण एक नसते. म्हणून गुरांच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी बोलवा. दुसऱ्या दिवशी फार उशीर होतो.