मान्यता म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे
(अभ्यासवर्गातील भाषण)



एखाद्या राजवटीला मान्यता देणे म्हणजे तिच्या सदाचाराचे प्रशस्तिपत्र देणे नव्हे. अमुक भूमीवर अमुक सरकारचा अंमल चालतो, एवढ्या वस्तुस्थितीची ती नोंद असते. या साध्या व्यवहारात नेत्याची श्रद्धा आडवी आली म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचे चीनविषयक धोरण.

१ ऑक्टोबर १९४९ रोजी पेकिंगला लोकप्रजासत्ताकाची घोषणा झाली. ३० डिसेंबरला भारताने आणि ६ जानेवारी १९५० रोजी ब्रिटनने त्याला मान्यता दिली. ब्रिटनमध्ये तेव्हा मजूर पक्षाचे सरकार होते. परंतु १९५१ मध्ये सत्तेवर आलेल्या चर्चिल यांनीही, त्यांचा कम्युनिझमविरोध जगजाहीर असताना, ती मान्यता काढून घेतली नाही.

अमेरिकेत १९५३ मध्ये जॉन फॉस्टर डलेस परराष्ट्रमंत्री झाले. चिनी कम्युनिस्ट सरकार फारशा अंतर्गत प्रतिकाराविना राज्य चालवू शकते असे दिसून आले, तर त्यालाही संयुक्त राष्ट्रसंघात घेतले पाहिजे, असे १९५० च्या आपल्या ‘वॉर ऑर पीस’ या ग्रंथात त्यांनीच म्हटले होते. पुढे कोरियात चिनी व अमेरिकन सैनिक परस्परांविरुद्ध लढले. काँग्रेसमध्ये चँग कै-शेक यांच्या पाठीराख्यांचे बळ वाढले. सारा दोष एकट्या डलेस यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण कोरियातील शस्त्रसंधीला जवळजवळ चार वर्षे लोटल्यावरही, जून १९५७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी सांगितले की, चीनमधील कम्युनिझम ही सरून जाणारी अवस्था आहे व ती सरावी म्हणून अमेरिकेने झटले पाहिजे. धोरणाची जागा भाकिताने घेतली ती अशी.

भाकिताची किंमत व्यापाराला मोजावी लागली. डिसेंबर १९५० पासून अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि मित्रराष्ट्रांवरही निर्बंधांसाठी दडपण आणले. १९५७ मध्ये ब्रिटनने, केवळ चीनसाठी लादलेले जादा निर्बंध झुगारून दिले. पेकिंगची राजवट कोसळली नाही. तिचा व्यापार मात्र सोव्हिएत गोटाकडे वळला. ज्या सरकारचे अस्तित्वच नाकारले, त्याच्याशी १९५५ पासून जिनिव्हात आणि नंतर वॉर्सात राजदूतांमार्फत बोलणीही करावी लागली!

२५ ऑक्टोबर १९७१ रोजी राष्ट्रसंघाने ७६ विरुद्ध ३५ मतांनी चीनची जागा पेकिंगला दिली. कम्युनिझमविरोधावरच ज्यांचे राजकारण वाढले, ते निक्सन १९७२ मध्ये पेकिंगला गेले. १ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेची मान्यता आली. तैवानशी अधिकृत संबंध पुन्हा जोडण्याची भाषा १९८० च्या निवडणुकीत करणाऱ्या रेगन यांनीही ऑगस्ट १९८२ मध्ये पेकिंगबरोबर संयुक्त निवेदन काढलेच.

या हट्टाची सर्वांत मोठी झळ तैवानच्या जनतेला बसली. त्या बेटावरचे सरकार म्हणजेच अखंड चीन, असा दावा चँग कै-शेक यांनी केला व वॉशिंग्टनने तो उचलून धरला. १९७१ मध्ये दोघांनाही राष्ट्रसंघात बसविण्याची वाट अमेरिकेने शोधली, तोवर वेळ टळून गेली होती. तैवानमध्ये १९८७ पर्यंत लष्करी कायदा होता. ‘मुक्त जगा’च्या कैवाऱ्यांना तो फारसा खुपला नाही. १९९६ पासून तेथील लोक आपला अध्यक्ष थेट मतदानाने निवडतात, आणि लोकशाही आली तरी मान्यतेचे दार बहुतेक जगाने बंदच ठेवले आहे.

भारताने १९६२ च्या आक्रमणानंतरही राष्ट्रसंघात पेकिंगच्या बाजूने मत दिले. ती दुर्बलता नव्हती. दोष होता तो अन्यत्र : तिबेट गिळंकृत होत असताना मान्यतेबरोबर मौनही बहाल केले गेले. डॉ. लोहियांनी त्यावर तेव्हाच कठोर टीका केली होती. मान्यता वस्तुस्थितीला द्यावी, न्यायबुद्धी मात्र कोणाकडेही गहाण टाकू नये. डलेस यांनी न्यायाच्या नावाखाली वस्तुस्थिती नाकारली; आपल्या राज्यकर्त्यांनी वस्तुस्थितीच्या नावाखाली न्यायाचा विसर पडू दिला. समाजवादी परराष्ट्रनीतीला हे दोन्ही मोह टाळावे लागतील.