मदत थांबविण्याची रीत



मदत सुरू करणे सोपे. नीट थांबविणे कठीण. २००३ साली भारत सरकारने थोडी मदत देणाऱ्या देशांची मदत घेणे बंद करून त्यांची कर्जे फेडण्याचे ठरविले. २०१२ साली ब्रिटनने भारताला नवे अनुदान थांबविले. परंतु हाती घेतलेली कामे २०१५ पर्यंत पुरी करण्याचे व पुढे तांत्रिक सहकार्य ठेवण्याचे जाहीर केले. देणे संपले, नाते राहिले.

मला मिळणारी एका संस्थेची शिष्यवृत्ती बी. ए.च्या मधल्या वर्षी अचानक बंद झाली. आईने बांगड्या विकल्या. म्हणून विनंती एवढीच : पेडणे-डिचोलीच्या मुलांची मदत थांबवायची तर वर्षभर आधी सांगा, आणि मूल कमावते झाले की त्याचे नाव घेणाऱ्यांच्या यादीतून काढून देणाऱ्यांच्या यादीत लिहा. त्या यादीत पहिले नाव माझे घ्या.