गाडी रडते तेव्हां

जुनी अँबॅसडर किंवा जीप ज्यांच्या दारांत अजून उभी आहे, त्यांना हा अनुभव नवा नाहीं. गाडीनें वेग घेतला कीं मागल्या आंसांतून हूंऽ असा स्वर निघूं लागतो. मिस्त्री म्हणतात, 'गाडी रडते,' आणि लगेच क्राउन-पिनियन बदलण्याचा सल्ला देतात. खर्च थोडाथोडका नसतो. म्हणून आधीं हें रडणें नीट ऐकावें.

इंजिनाची गति लांब दांड्यानें मागें येते. त्याच्या टोकाचें पिनियन हें लहान दंतचक्र क्राउन या मोठ्या चक्राला फिरवितें. अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९२६ सालीं 'हायपॉइड' रचना गाड्यांत आणली. तींत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखालीं असतें, आणि दांते एकमेकांवर घसरत चालतात. साधें तेल तेथें टिकाव धरीत नाहीं.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. ॲक्सलरेटर दाबतांना आवाज येतो व पाय काढतांच थांबतो, तर दांत्यांच्या ओढणाऱ्या बाजूकडे पाहावें. उलट, गीअर तसाच ठेवून पाय काढल्यावरच येतो, तर पिनियनचें बेअरिंग सैल झाल्याचा संशय घ्यावा. दोन्ही वेळीं सारखीच घरघर असेल, तर बेअरिंग झिजलें. ती वळणावर कमीजास्त होत असेल, तर चाकाचें. रस्त्याचा पृष्ठभाग बदलतांच स्वर बदलला, तर दोष टायरांचा. आंस उघडूंच नये. निघतांना 'खट्' होतें, तें पुष्कळदां दांड्याचे जॉइंट झिजल्यामुळें.

मग तेल काढून स्वच्छ फडक्यांतून गाळावें. करडा, मऊ गाळ चालतो. पोलादाचे कपचे चालत नाहींत. लाकडाचा भुसा निघाला, तर विकणाऱ्यानें आवाज दाबला होता असें समजावें!

क्राउन व पिनियन ही घांसून जुळविलेली जोडी असते. द्वंद्वसमासांतलें एक पद बदलून भागत नाहीं. आमच्या शेजाऱ्यांच्या जीपला कोणी जुन्या क्राउनवर नुसतें नवें पिनियन बसवून दिलें. महिन्याभरांत ती दुप्पट मोठ्यानें रडूं लागली आणि दोन्ही चक्रें टाकावीं लागलीं. बेअरिंगच बिघडलें असेल, तर मात्र तेवढेंच बदलावें आणि दांते तसेच ठेवावे.

जुळणी करतांना दांत्यांना शेंदूर व तेलाचा लेप लावून चक्र फिरवितात. ठसा दांत्याच्या मध्याजवळ उमटला पाहिजे; नाहीं तर पातळ चकत्या, म्हणजे शिमा, बदलाव्या लागतात. दांत्यांमधली मोकळीक पुष्कळ गाड्यांत ०.१० ते ०.२० मिलिमीटर असते. नेमका आंकडा त्या गाडीच्या पुस्तकांतूनच घ्यावा, आणि ती डायल गेजनें मोजावी, हातानें हलवून नव्हे.

घरघर वाढली असतां मात्र गाडी घाटांत नेऊं नये. पिनियनचें बेअरिंग जाम झालें, तर मागलीं चाकें धांवत्या गाडींतच अडकतात.